उगवू नये म्हणून

आमच्या बुरशीच्या प्रयोगशाळेत सुनंदाताई रोज सकाळी काचेच्या प्लेटा उजेडाकडे धरून पाहतात. मूत्रपिंड बदललेल्या, प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांचे नमुने त्यांत असतात. काहीच उगवलेलं नसलं, म्हणजे रुग्णाला बुरशीची लागण नसली, की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. याच बाई घरी खिडकीत पेरलेल्या मेथीला कोंब फुटला की आम्हाला कौतुकाने सांगतात.

आज एका प्लेटवर मखमली, राखाडी वर्तुळ उमललं होतं. या नव्या बुरशीवर माझं संशोधन चाललंय. कित्येक महिने मी हिचीच वाट पाहत होतो.

"काय सुंदर वाढलीय," मी म्हणालो.

सुनंदाताईंनी प्लेट हळूच उलटी केली आणि तळाशी लिहिलेलं रुग्णाचं नाव मला दाखवलं.