पाण्यावर ध्यान

“पोरगी न्हाई धाडत,” सासरे म्हणाले आणि हळदीच्या कढईखाली आणखी एक लाकूड सारलं.

१९७९चा एप्रिल. बाळंतपणाला आखाडा बाळापूरला आलेली बायको आणि आमची तान्ही लेक यांना न्यायला मी गेलो होतो. माझी नोकरी अणुभट्टीच्या इंधनावरची, क्वार्टर अणुवीज केंद्राला लागून. आणि रेडिओवर अमेरिकेतल्या अणुभट्टीच्या अपघाताची बातमी.

निघताना साहेबांनी बजावलं होतं, “कुणी विचारलं तर म्हणा, आपल्याकडे असं होत नाही. डिटेलमध्ये शिरू नका.”

मी तेच म्हणून पाहिलं. सासऱ्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. नातीसाठी त्यांचा जीव तुटत होता. त्यांच्या जागी मीही पोरगी धाडली नसती. म्हटलं, साहेब गेले उडत.

“मामा, आमचं इंधन म्हणजे छोट्या वड्या. झिर्कोनियम नावाच्या धातूच्या बारीक नळ्यांत भरलेल्या. त्या नळ्या कायम पाण्यात पाहिजेत.”

“मंग बिघडतं काय?”

“भट्टी बंद केली तरी वड्या तापत राहतात. जाळ ओढल्यावर ही कढई गरम राहते ना, तसं. पण कितीतरी दिवस. पाणी आटलं की नळ्या लाल होतात, वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतात. त्यातून आणखी उष्णता. उरतो हायड्रोजन, तो पेट घेऊ शकतो. नळी ठिसूळ होऊन फुटते. फारच तापली तर वितळते आणि आतल्या वड्यांनाही विरघळवायला लागते. मग आतलं विष बाहेर.”

सासऱ्यांनी कढईखालचं एक लाकूड मागे ओढलं.

“आन् तुमी तिथं काय करता?”

“त्याच नळ्या वाफेत तापवतो. कुठवर टिकतात ते बघतो.”

“फुटली तर सायबाला सांगता?”

“सांगतो.”

“आवडतं त्याला?”

“नाही.”

“तुमी बराबर सांगून राहिले, हे म्या कसं मानू?”

बायको लेकीला खांद्यावर थोपटत उभी होती. “बाबा, माझी भाजी करपली तर हे तोंडावर सांगतात. पाव्हण्यांसमोरबी. ह्यांना खोटं जमत असतं तर मी सुखात असते.”

सासरे हसले. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी ते नातीला कडेवर घेऊन एसटीपर्यंत आले. खिडकीतून तिला माझ्या हातात दिलं, पण तिचं बोट काही त्यांना सोडवेना. गाडी सुरू झाली तेव्हा एवढंच म्हणाले, “पाण्यावर ध्यान ठेवा, जावईबापू.”

सुरक्षिततेवर मी पुढे बरीच व्याख्यानं दिली. इतक्या लवकर कुणालाच पटलं नाही. तिथे बायकोची साक्ष नव्हती.