खारीचा उतरायचा शब्द

खारी नावाच्या कुत्रीने मोटरसायकलवरून तिसऱ्यांदा झेप घेतली तेव्हा मी स्कूटरवरून तिच्या मागेच होते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांनी धरलं म्हणून ती खाली पडली नाही. पण पुढचे पाय बाहेर लटकले, मोटरसायकल भेलकांडली आणि तिच्या मालकांनी, हिरामणदादांनी, कसाबसा पाय टेकवला. पालेगावच्या गल्लीत हे खपून गेलं. मेन रोडला मागून ट्रेलर असता तर दोघांचंही काही खरं नव्हतं.

"ताई, ही पोरगी मना मारनार एक दिवस," दादा म्हणाले.

"हेल्मेट काढू नका. परत एक राउंड."

मी वैतागले होते. या वेळी खड्डा नव्हता, भटकं कुत्रं नव्हतं, हॉर्नसुद्धा वाजला नव्हता. मग बयेने उडी मारली कशाला?

मी बदलापूरला राहते आणि कुत्र्यांना ट्रेनिंग देते. निम्म्या क्लायंटना कुत्र्याने पाहुण्यांशी शेकहॅण्ड करावा एवढंच हवं असतं. कुत्रं मोटरसायकलवर बसवायचंय म्हणून फोन आला की माझं उत्तर ठरलेलं: रिक्षा करा.

दादांनाही तेच सांगितलं होतं. ते हसले. "रोज पालेगाववरनं बारवीच्या रोडला रिक्षा? मग रिक्षासाठी शेत विकावा लागंल."

त्यांची अडचण खरी होती. जमिनीवर बिल्डिंग उभी राहिली, तिच्यातच त्यांना फ्लॅट मिळाला. बारवीच्या रोडला थोडं शेत उरलंय, तिथे ते भेंडी-काकडी करतात, दिवसभर तिथेच असतात. वहिनी अंगणवाडीत जातात. मागे घरात एकटी खारी. रंगाने बेकरीतल्या खारीसारखी, म्हणून नाव खारी. दार बंद झालं की ती जे रडायला लागायची ते संध्याकाळपर्यंत. सोसायटीने मीटिंगमध्ये ठरवलं: महिनाअखेरपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर कुत्रं हलवा. शेतावर कायमची ठेवायची सोय नव्हती, तिकडे रात्री बिबट्या फिरतो. गाडीवर जमलं नाही तर वांगणीच्या पुढे वहिनींच्या भावाकडे पाठवायची, एवढाच रस्ता उरला होता. हे दादांनी सांगितलं. मग माझ्याने नाही म्हणवेना.

पहिलं काम बैठकीचं. मागची सीट काढून तिथे कठडा असलेला पाट बसवायचा. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एक सिंधी सीटवाले काका आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी विचारलं, "मॅडम, आदमी बैठेगा या कुत्ता?"

"कुत्ता."

"फिर तो बराबर बनाना पडेगा. आदमी तो सरक सरक के अॅडजस्ट कर लेता है."

वर रेक्झिन नको म्हटलं, नखं घसरतात. त्यांनी खरखरीत रबर लावून दिलं. खारीला हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवरून जाणारा पट्टा. गळ्यातला पट्टा गाडीला कधीही बांधू नका, एका झटक्यात मान जाते. हार्नेसला दोन आखूड पट्ट्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. बसता येईल, आडवं होता येईल, बस्स.

मग ट्रेनिंग. आधी बंद गाडी डबल स्टँडला लावून तिथेच खाऊ घालायचं. दादा खिशातून सुकट घेऊन आले होते, ती मी जप्त केली. एवढं मीठ कुत्र्याला चालत नाही. उकडलेली कलेजी सुरू केली. पाट म्हणजे मजा हे कळलं, की इंजिन चालू. मग फर्स्ट गिअरमध्ये मैदानात. खारी हुशार निघाली. वळणावर कसं कलायचं हे तिला शिकवावंच लागलं नाही.

आणि रस्त्यावर काढल्यावर या उड्या. मैदानात एकही नाही, गावाच्या गल्लीत तीन. सायलेन्सरची धग लागते का पाहिलं. पट्टी काचते का पाहिलं. सगळं ठीक. चौथ्या राउंडला मला दिसलं की उडीच्या आधी दादांचा हात वर जातो. गावात जन्म गेलेला माणूस, दर दोन घरांनंतर कोणीतरी भेटतं, आणि दादा हात केल्याशिवाय पुढे जात नाहीत. मला वाटलं, सापडलं. हा हात ती इशारा समजतेय.

"दादा, आता कोणालाही हात करायचा नाही."

"लोक काय बोलतील? पैसा आला नि माज आला."

"बोलू देत."

पुढच्या राउंडला दादांचे दोन्ही हात हँडलवर होते. किराणा दुकानापाशी खारीने तरीही झेप घेतली. माझं डोकंच फिरलं. मग मी स्कूटर मागे न ठेवता त्यांच्या बाजूला घेतली, अगदी हळू. दुकानदार म्हणाला, "काय दादा, कुठं?" दादा म्हणाले, "शेतावर. चल, येतो."

खारी उठली.

आमच्या कामात एक रिलीज वर्ड असतो. तो शब्द मालकाने उच्चारला की कुत्र्याचं काम संपलं, आता मोकळं. तोपर्यंत जागा सोडायची नाही. मी दादांना सुरुवातीलाच विचारलं होतं, तुमचा शब्द कोणता? ते म्हणाले, लहानपणापासून तिला "चल" म्हटलं की ती येते. मी म्हटलं, उत्तम. आता विचार करा, आपल्याकडे माणूस "चल" कुठे म्हणत नाही? चल ठेवतो, चल भेटू, चल हट, चल काहीतरीच. खारी बिचारी शंभर टक्के आज्ञाधारक होती. दादा कुणाचा निरोप घ्यायचे आणि ती उतरायला निघायची.

"मग आता 'चल' म्हणायचं नाही," मी सांगितलं.

"नाय म्हननार," दादा म्हणाले. "सोपा हाय. चल, मारू एक राउंड."

खारी उतरायला निघाली. मी हात जोडले.

संध्याकाळी त्यांच्या घरी चहा घेता घेता नवीन शब्द शोधायला बसलो. "उतर" नको, पार्किंगमधली पोरं गाडीवर चढली की म्हणतीलच. "ओके" नको, ते तर फोनवर श्वास घेतल्यासारखं. मी "फ्री" सुचवला. दादा म्हणाले, "गिऱ्हाइकाला कोथमीर फ्री देतो की मी." मी म्हटलं, "असा शब्द सांगा जो तुमच्या तोंडून चुकूनसुद्धा निघत नाही."

वहिनी कपबशा उचलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सॉरी ठेवा."

मी हसले. त्या हसत नव्हत्या.

"अहो वहिनी, पण रस्त्यात कुणाला धक्का लागला तर म्हणतीलच ना?"

"धक्का ह्यांचा लागला तरी समोरच्याला म्हनाला लावतात. तुम्ही बिनधास्त ठेवा."

दादांनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणजे खरंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून पार्किंगमध्ये दोन कामं. एक, खारी पाटावर असताना मी, वहिनी, दादा, सगळ्यांनी "चल" म्हणत राहायचं आणि ती बसून राहिली की कलेजी. दोन, "सॉरी" म्हटलं की खाली घ्यायचं आणि पुन्हा कलेजी. खारीला अडचण आली नाही. दादांना आली. पहिल्यांदा ते हेल्मेटच्या आत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने, दादा. तिला ऐकू जायला हवं."

"लोक बगतात ना ताई."

"मग वांगणीला पाठवायची का?"

त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "सॉरी." खारीने टुणकन उडी मारून त्यांचा हात चाटला. दादा जरा वेळ तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

महिना संपायच्या आत आम्ही बारवीच्या रोडला जाऊन आलो. मी मागे स्कूटरवर. जाताना गल्लीत दादांनी सगळ्यांना हात केला, सगळ्यांना "चल, येतो" म्हटलं, आणि खारी कान वाऱ्यावर टाकून बसून होती.

परत आलो तर गेटच्या आत सेक्रेटरी उभे. रिटायर्ड गृहस्थ, तसे सज्जन, पण पाण्याच्या टाकीवरून दादांनी त्यांना चारचौघांत वाट्टेल ते सुनावलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. कुत्र्याचा विषय मीटिंगमध्ये एवढा तापला तो त्यामुळेच, हे मला वहिनींनी सांगितलं होतं.

सेक्रेटरी सरळ गाडीसमोर आले. "दादा, महिना संपत आला. मीटिंगमध्ये काय ठरलंय ते तुम्हाला..."

दादांनी इंजिन बंद केलं, मागे हात नेऊन पट्ट्या सोडल्या. खारी शेपूट हलवत वाट बघत होती. समोर बघत, चांगल्या खणखणीत आवाजात दादा म्हणाले, "सॉरी."

खारी उतरली. सेक्रेटरींचा चेहरा पार बदलला.

"अहो, तसं काही नाही हो," ते म्हणाले. "माझंही जरा... टाकीच्या वेळी मीही जास्त बोललो. कुत्रं दिवसा घरात नसलं की झालं."

"नसतं," मी घाईने म्हटलं. "आता रोज शेतावर जाते."

"मग विषयच संपला."

दादा खुलासा करायला तोंड उघडत होते. मी त्यांच्या बुटावर पाय ठेवला. सेक्रेटरी खारीच्या डोक्यावर थोपटून लिफ्टने वर गेले.

"ताई, मी खारीला बोललो," दादा म्हणाले.

"मला माहितीय. त्यांना सांगू नका."

तेव्हापासून नवीन क्लायंटला मी आधी विचारते, तुम्ही दिवसभर काय काय बोलता? आणि मालकाला विचारून भागत नाही, घरच्यांना विचारते. दादा शेतावर पोचले की एकदा आणि घरी आले की एकदा, तो शब्द मोठ्याने म्हणतात. सोसायटीत त्यांच्याबद्दल मत फार सुधारलंय. मध्ये वहिनी भेटल्या तेव्हा मी विचारलं, काय म्हणतात दादा?

"पार्किंगपर्यंत आलाय शब्द," त्या म्हणाल्या. "वर अजून पोचला नाय."