मांडीचा फोटो मिळणार नाही

माझ्या प्रबंधात आलेख आहेत, सर्किटच्या आकृत्या आहेत, मोटरचा उभा छेद आहे. आईच्या मांडीचा फोटो नाही. तो लावा म्हणून मला दोनदा सांगितलं गेलं आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं. ते कसं झालं ते सांगते.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, पण अगदी वैनगंगेच्या काठावर. नदी ओलांडली की गडचिरोली. गावामागच्या जंगलात येनाची, म्हणजे ऐनाची झाडं, त्यांवर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या अळ्या पोसणारी काही घरं, आणि त्या कोशांचं सूत काढणारी काही घरं. आमचं घर सूत काढणाऱ्यांपैकी. आई कोसे सोड्याच्या पाण्यात उकळायची, निथळायची आणि मग लुगडं मांडीपर्यंत वर खोचून जमिनीवर बसायची. डाव्या हातानं पाच-सहा कोशांचे तंतू एकत्र ओढायचे आणि उजव्या तळव्यानं मांडीवर घासून त्यांना पीळ द्यायचा. घामानं सूत चिकटू नये म्हणून मांडीला राख लावायची. माझ्या जन्माच्या आधीपासून ती हेच करत होती. तिथली कातडी काळी पडून जाड झाली होती. थंडीत ती चिरायची, तेव्हा आई खोबरेल तेल चोळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची.

ती सुताला बसली की दार लोटलेलं असे. वडील अंगणातून खोकत येत आणि तरीही ओसरीतच थांबत. मला तिनं हे काम कधी शिकू दिलं नाही. मी जवळ जाऊन बसले की म्हणायची, "इथी काऊन बसून राह्यली? जा, पुस्तक घे."

मी पुस्तक घेतलं. चंद्रपूरला इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगला गेले. शेवटच्या वर्षाला असताना गावात एका योजनेतून सूत काढायची यंत्रं आली. बायका हरखल्या. आईनं यंत्राला हळदकुंकू वाहिलं, कोसे लावले आणि बटण दाबलं. मोटर हिसका देऊन सुरू झाली आणि सूत तुटलं. तिनं जोडलं, पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तुटलं. आठवडाभरानं सगळ्या घरांत यंत्रांवर पोती पडली होती. पाहणीला आलेले साहेब समाजमंदिराच्या ओट्यावर उभे राहून म्हणाले, "तुम्हाला नवीन काही शिकायचंच नाही."

आई म्हणाली, "साहेब, तुमी बसून दाखवा ना एकडाव."

साहेबांना दुसऱ्या गावाला जायची घाई होती.

मी सुट्टीत घरी होते. त्या संध्याकाळी यंत्राचं झाकण मी उघडलं. आत पंख्यात असते तशी साधी मोटर. तिला दोनच गोष्टी कळत: बंद राहणं आणि पूर्ण वेगानं फिरणं. आईचा हात तसा नव्हता. कोशातला तंतू कुठं अडकला की तिची बोटं क्षणभर सैल पडत, तंतू सुटला की पुन्हा ओढत. मोटर काही सैल पडत नव्हती. बायकांना शिकायचं नव्हतं हे खोटं होतं. शिकायचं होतं ते मोटरनं. माझ्या डोक्यात राग बसला आणि पुढं बरीच वर्षं त्या रागानंच मला कामाला लावलं.

एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागल्यावर मी पीएच.डी.साठी हाच विषय मांडला. समितीतल्या एका सरांनी वाचून कागद बाजूला ठेवला. "हे टेक्स्टाइलवाल्यांचं काम आहे. तुम्ही इलेक्ट्रिक गाडीची मोटर घ्या. पेपर पटापट छापून येतात."

"गाडीच्या मोटरवर जगभर लोक काम करताहेत, सर. या मोटरवर कोणीच नाही."

"कोणीच नाही, याचं काही कारण असेल ना?"

"आहे. ही चालवणाऱ्या बाया समितीत नसतात."

माझे मार्गदर्शक सर भला माणूस, पण भांडणाला भिणारा. बाहेर आल्यावर म्हणाले, "मॅडम, हा हट्टाचा विषय झाला."

"हट्टाचाच आहे, सर."

त्यांनी सही केली. तेवढं त्यांचं श्रेय आहे आणि ते मी कायम देते.

काम सोपं नव्हतं. पंख्याची मोटर काढून चुंबकांची बसवली, आणि वेग हळूहळू वाढवणारं सर्किट पहिल्याच उन्हाळ्यात जमलं. खरी अडचण पुढं होती. सूत ताणलं गेलं की मोटरवर जोर येतो, जोर आला की ती जास्त करंट घेते. म्हणजे करंटवर लक्ष ठेवलं तर वेगळा सेन्सर न लावता ताण कळायला हवा. कागदावर हे झकास दिसत होतं. प्रत्यक्षात कोशाच्या तंतूचा ओढा इतका नाजूक की मोटरच्या आपल्याच खडखडाटात तो बुडून जाई. मोटरमधली चुंबकं लोखंडी दात्यांजवळून जाताना प्रत्येक वेळी जरा अडतात, आणि करंटची रेघ सतत थरथरत राहते. त्या थरथरीत तंतू शोधणं म्हणजे बाजाराच्या गोंगाटात कुणाची कुजबुज ऐकणं. मी चुंबकं सरळ न बसवता तिरपी बसवून मोटर नव्यानं बांधली. थरथर कमी झाली, गेली नाही.

चंद्रपूरच्या मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेतला पंखा गरम हवाच खाली ढकलायचा. टेबलावरचे सुटे भाग हात लावण्याआधीच तापलेले असत. सोबतचे लोक संगणकावरच मोटर फिरवून मोकळे होत होते. मी पिशवीतून गावाकडचे कोसे आणून, प्रयोगशाळेतच उकळून, तो वास सगळ्या मजल्यावर पसरवून तंतू तोडत बसे. "मॅडम, आज काय शिजवलं?" असं विचारून लोक हसत. हसू दिलं.

मग एक दिवस छापून घेतलेल्या रेघा एकावर एक ठेवून बघताना दिसलं की थरथर दर फेऱ्याला सारखीच आहे. तोच उंचवटा, तोच खळगा, त्याच जागी. म्हणजे मोटरचा आपला गोंगाट पाठ करता येतो! सूत न लावता एक मोकळा फेरा फिरवायचा, त्याची रेघ लक्षात ठेवायची आणि सूत लावल्यावर येणाऱ्या रेघेतून ती वजा करायची. उरेल तो तंतूचा ओढा. मी तसं करून पाहिलं. थरथर गेली आणि खाली एक बारीक, शांत रेघ उरली. मी तंतूला बोटानं हलकेच ओढलं. रेघ उठली. सोडलं, ती बसली. मी उभी राहिले, पुन्हा बसले, पुन्हा तंतू ओढला. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना हाक मारून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान." त्यांना काही कळलं नव्हतं, पण मला त्या वेळी कुणी तरी छान म्हणायला हवंच होतं.

त्यानंतरच्या आढाव्याला नागपूरहून एक तज्ज्ञ आले होते. सर्किट त्यांना आवडलं. मग ते म्हणाले, "पण समस्येची मांडणी फिकी वाटते. मांडीवर सूत काढल्यानं त्वचेचं काय होतं त्याचा फोटो टाका. एका दृष्टिक्षेपात परिणाम होतो. तुमच्या घरातच आहे ना उदाहरण?"

उदाहरण. मी नाही म्हटलं. विषय तिथं थांबला असं मला वाटलं.

थांबला नव्हता. थंडीत यंत्राची पाहणी करायला सर आणि ते तज्ज्ञ गावी आले. आईनं चहा केला, पोहे केले, माझ्या यंत्रावर सूत काढून दाखवलं. तज्ज्ञ खूश झाले, खिशातून मोबाइल काढला आणि थेट तिलाच म्हणाले, "आई, आता जुन्या पद्धतीनं कसं करायच्या ते दाखवा. थोडं वर घ्या. चेहरा येणार नाही, काळजी करू नका."

आईचा हात लुगड्याच्या काठावर गेला आणि तिथंच घट्ट धरून राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं. ज्या बाईनं आपल्या नवऱ्यालाही ओसरीवर थांबवलं होतं तिला एक पाहुणा पोहे खाऊन हे सांगत होता. माझे सर कोपऱ्यातल्या कपाटाकडं बघत होते.

"फोटो मिळणार नाही, सर," मी म्हटलं.

"अहो, हे शास्त्रीय आहे. बायकांच्याच भल्यासाठी."

"गाडीच्या मोटरवर प्रबंध लिहिणाऱ्याला पेट्रोल पंपावरच्या माणसाच्या फुप्फुसाचा फोटो मागितला होता का कधी?"

"समस्या आहे हे सिद्ध नको करायला?"

"करते ना. पण माझ्या मापानं."

आई मधेच म्हणाली, "सूत पाहा तुमी. सूत तं दाखवलं मी. अजून काय पायजे?"

ते गेल्यावर आई भांडी घासताना म्हणाली, "तुह्या पासाचं काही बिघडंल काय?"

"बिघडलं तर बिघडू दे."

"असं काऊन बिघडू द्यायचं? नीट कर आता."

मी नीट केलं. कोसे आणि आईचा हात यांच्या मधोमध ताण मोजणारी बारीक पट्टी बसवली आणि दार लोटून आई एकटीच आत बसली. मी बाहेर ओसरीत, तारेच्या दुसऱ्या टोकाला. लॅपटॉपच्या पडद्यावर तिच्या हाताची रेघ उमटत होती: ओढ, जरा सैल, पुन्हा ओढ. योजनेतल्या यंत्राची रेघही तशीच घेतली, ती उसळून तुटायची. माझ्या यंत्राची घेतली. प्रबंधात फोटोसाठी सुचवलेल्या पानावर या तीन रेघा एकाखाली एक छापल्या आहेत. समस्या त्यात दिसते. आई दिसत नाही.

यंत्रावर मात्र आई प्रसन्न नव्हती. "हे लय भित्रं हाये," ती म्हणाली. "जरासं अडलं का थांबते. मी असी थांबत नाई." खरंच होतं. मी सर्किट जास्तच सावध ठेवलं होतं. ते सैल केलं. मग तिनं सांगितलं की चालू-बंद करायचं बटण हातात नको, हात कामात असतात. शिलाई मशीनसारखा पायाशी पेडल बसवलं. हे मला आधी सुचायला हवं होतं, असं ती तीन-चारदा म्हणाली.

तोंडी परीक्षेला तेच तज्ज्ञ होते. त्यांनी मला सोडलं नाही आणि ते त्यांचं कामच होतं. थंडीत बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट झालं तर पाठ केलेली रेघ चुकणार नाही का, असं विचारलं. चुकते, मी म्हटलं, म्हणून यंत्र दर वेळी सुरू होताना एक मोकळा फेरा मारून रेघ नव्यानं पाठ करतं. त्यांनी मान हलवली. शेवटी म्हणाले, "काम पक्कं आहे. फोटो असता तर आणखी उठाव आला असता." मी पाणी प्यायले आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. पुढचा प्रश्न आला नाही. मी पास झाले.

त्याच वर्षी एका प्रदर्शनात यंत्र ठेवायला आम्हाला बोलावलं. आई नवी हिरवी साडी नेसून खुर्चीत बसली होती. तिला खुर्चीत बसून सूत काढताना पाहिलं की मला अजूनही वेगळंच वाटतं. संयोजक बाई येऊन म्हणाल्या, "पाहुणे यायच्या आत एक सांगते. आधी तुम्ही खाली बसून मांडीवरचं दाखवा, मग यंत्र. म्हणजे फरक कळेल लोकांना."

मी पुढं व्हायच्या आत आई म्हणाली, "ते नाई होत."

"थोडंसंच हो, बाई."

"थोडंसं बी नाई. ते मी सोडलं. हे पाहाचं असंल तं पाहा." आणि तिनं पायाखालचं पेडल दाबलं. मोटर हळू उचलली, सूत सरसर गुंडाळू लागलं. पाहुणे आले तेव्हा ती कामात होती. त्यांच्याकडं तिनं पाहिलंही नाही.

सगळं माझ्या मनासारखं झालं असं नाही. योजनेत पुन्हा जुनीच, हिसके देणारी यंत्रं घेतली गेली, दुसऱ्या गावांसाठी. ती स्वस्त पडतात म्हणे. कुठं सभा असली की मी जाते आणि तुटलेल्या सुताची रेघ दाखवते. मला पाहून काही लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या गावात आणि नदीपलीकडच्या दोन गावांत माझी यंत्रं चालतात. चंद्रपूरला एका लेथवाल्या चाचांकडून सूत गुंडाळायच्या चात्या करून घेते, सर्किट मी स्वतः जोडते.

गेल्या पावसाळ्यात आईचा फोन आला. "तुही मशीन रुसली. कोसे ओले हायेत, दर घडीले थांबून राह्यली."

दमट हवेत तंतू जड चालतो, हा विचार माझ्या गणितात नव्हताच. "रविवारी येते मी," म्हटलं.

"रविवारी काऊन? आज शुक्रवार हाये. दोन दिस मी काय हात बांधून बसू? तुले नसंल जमत तं सांग, मी खोलते झाकण."

"हात लावू नको, आई!"

"मंग ये."

मी कॉलेजातून अर्धी रजा टाकली, मीटर आणि सोल्डरिंगची पिशवी उचलली आणि एस.टी. स्टँडवर गेले.