ओतिलिया आणि अडलेली शेळी

ओतिलिया सत्तावीस वर्षांची होती तेव्हा तिच्या बापाचे, अबुंदियोचे, गुडघे कायमचे धरले आणि कळप तिच्या अंगावर पडला. नोरिया सेका गावात बायकांनी दूध काढावं, चीज बांधावं, बसनं माटेहुआलाच्या बाजारी न्यावं. कळप घेऊन डोंगराकडे जायचं ते पुरुषांनी. पण अबुंदियोला मुलगा नव्हता. होती ती ही एकच, हडकुळी, कमी बोलणारी, आणि लग्नाचा विषय निघाला की गोठ्यात निघून जाणारी.

पहिल्याच दिवशी विहिरीजवळ दॉन मकारियोनं तिला गाठलं. गावात सगळ्यात मोठा कळप त्याचा, आणि सगळ्यात लांब जीभही त्याचीच.

"काय गं, आता शेळ्या रानात चरणार, की तुझ्याबरोबर आरशात बघत बसणार?"

ओतिलियानं कुत्र्याला शीळ घातली आणि पुढे निघाली.

त्या सप्टेंबरात पाऊस बरा झाला होता. एके सकाळी तिच्या आठ शेळ्या कुंपण वाकवून मकारियोच्या लसूणघासात घुसल्या. घास कोवळा, वर दहिवर तसंच. ती पोचेपर्यंत त्यांनी गळ्यापर्यंत खाल्लं होतं. मकारियोच्या शिव्या ऐकत तिनं त्यांना घरी आणलं, आणि दारात येईतो पहिलीनं अंग टाकलं. डावी कूस बरगडीमागे अशी फुगली होती की टिचकी मारली तर ढोलासारखी वाजावी.

"तेल आण, तेल!" अबुंदियो खुर्चीतून ओरडला. "आणि उभी कर तिला! पुढचे पाय चढावर!"

बाप जागचा हलू शकत नव्हता आणि तिला हात दोनच. एकीला तेल पाजावं तर दुसरी आडवी व्हायची. दुपारपर्यंत पाच शेळ्या ढेकर देऊन सावरल्या, तीन मेल्या.

"मकारियोची नजर लागली," अबुंदियो म्हणाला. "लाल दोरा बांध म्हणून सांगत होतो."

ओतिलिया मेलेल्या शेळीजवळ बसून होती. मग उठून तिनं सुरी आणली आणि पोट चिरलं. आतून हिरवा फेस उसळून आला, साबणाच्या पाण्यासारखा, दाट. ती बराच वेळ बघत राहिली.

"आपा, ही नजर नव्हे," ती म्हणाली. "हा फेस आहे. घास आत जाऊन फसफसला आणि वारा त्यात अडकून बसला. तेलानं फेस मोडतो. म्हणून तुमचं तेल चालतं. आपल्याला उशीर झाला, एवढंच."

अबुंदियोनं टोपी काढून डोकं खाजवलं. चाळीस वर्षं तो तेल पाजत आला होता. का ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माटेहुआलात चीज विकून झाल्यावर ती जनावरांच्या औषधांच्या दुकानात गेली. दुकान डॉक्टर सेनाइदा पुएंते यांचं. बाई आडव्या हाडाच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. काउंटरमागे उभ्या उभ्या बीन्स भरलेली गोर्दिता, मक्याची जाड भाकरी, खात होत्या. ओतिलियानं सगळं सांगितलं.

"मेलेल्या शेळीचं मला काय सांगतेस?" डॉक्टर म्हणाल्या. "जिवंत असताना ये."

"जिवंत असताना तुमच्याकडे यायला दीड तास लागतो. तोवर ती मेलेली असते."

डॉक्टरांनी खाणं थांबवलं. तिच्याकडे नीट बघितलं. मग हात पुसून तिला मागच्या अंगणात नेलं. तिथं एक शेळी बांधलेली होती. त्यांनी ओतिलियाची मूठ धरून शेळीच्या डाव्या कुशीत दाबली.

"थांब. बोलू नकोस."

थोड्या वेळानं मुठीखाली काहीतरी सावकाश वळलं, दूरवर ढग गडगडावा तसं.

"हे मिनिटाला एकदा तरी झालंच पाहिजे. नाही झालं तर पोट बंद पडलंय. आता जा, आणि महिनाभर आपल्या धडधाकट शेळ्या तपास. ताप बघ, हिरड्यांचा रंग बघ, पापणी उलटून बघ, श्वास मोज. धडधाकट कशी असते ते हाताला कळलं नाही, तर आजारी तुला कशी कळणार?"

तापमापक घेऊन ती घरी आली. रोज सकाळी एकेक शेळी पकडायची. अबुंदियो खुर्चीतून बघायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "पोरगी उठल्या उठल्या देवाचं नाव घ्यायचं सोडून शेळीच्या बुडात काच घालते. माझ्या म्हातारपणी हे बघायचं होतं!" पण कुणी दुसरा हसला की म्हातारा लगेच फिरायचा: "हसतोस काय? तुझ्या शेळीचा ताप किती, सांग बघू!"

वर्षभरात तिची नजर तयार झाली. कळप दारातून बाहेर पडताना मागे रेंगाळणारी, शेपूट खाली सोडलेली, दात खाणारी, सगळ्या बसून रवंथ करताना एकटी भिंतीकडे तोंड करून उभी राहिलेली शेळी तिला लांबूनच दिसायची. पापणी आतून पांढुरकी म्हणजे जंतांनी रक्त पिलंय. एकदा शेजारच्या वाडीचा बोकड कुंथत होता. मालक म्हणे बद्धकोष्ठ आहे, जुलाबाचं देतो. ओतिलियानं खाली वाकून बघितलं. लेंड्या पडत होत्या, लघवीचा मात्र थेंब नव्हता.

"मूत अडलंय ह्याचं, खडा बसलाय. मका फार घालता का?"

"बोकड दणकट व्हावा म्हणून—"

"आता आधी गाडीत घाला. हे माझं काम नाही, डॉक्टरांचं आहे. दुपारपर्यंत थांबलात तर आतल्या आत फुटेल."

बोकड वाचला. लोक विचारायला येऊ लागले. मकारियो तेवढा विहिरीवर म्हणायचा, "आली बघा डॉक्टरीणबाई! माझं डोकं दुखतंय गं, माझ्यात पण काच घालतेस का?"

तिसऱ्या हिवाळ्यात तिच्या हातून चूक झाली, आणि तीही मैत्रीण चेलोच्या दारात. चेलोच्या धाकट्या मुलीचा बाप्तिस्मा ओतिलियाच्या मांडीवर झाला होता. ओतिलिया पोरीची धर्ममाता; त्या नात्यानं दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या, आणि सख्ख्या बहिणींहून जवळच्या होत्या. चेलोची पोटात दोन करडं असलेली शेळी दोन दिवस काही खात नव्हती. तोंडाला गोडसर वास येत होता. ओतिलियानं बरोबर ओळखलं: पोटातली पिलं आईचं सगळं ओढून घेतायत, अंगात साखर उरली नाही. गुळाचं पाणी द्यायचं. तेही बरोबर. पण शेळी आडवी पडली होती, तिला उठवत बसायला ओतिलियाला धीर नव्हता. मान ताणून, तोंड वर करून तिनं बाटली ओतली. शेळी खोकली. नाकातून पाणी आलं. दिवस मावळायच्या आत ती घुरघुरत मेली, पोटातल्या दोघांसकट.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, "पाणी फुप्फुसात गेलं. आडव्या जनावराला कधी पाजायचं नाही. आधी उठवायचं, छातीवर बसवायचं, डोकं सरळ, घोट घोट. मी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," ओतिलिया म्हणाली.

गावात परतल्यावर ती तशीच चेलोकडे गेली. बरोबर आपली दुधाची सगळ्यात चांगली शेळी दोरीनं धरून. "कोमाद्रे, तुझी शेळी आजारानं नाही मेली. माझ्या हातानं मेली. ही घे."

चेलो चुलीपाशी होती. हातातलं मळलेलं पीठ तसंच राहिलं. तिनं दार लावून घेतलं. शेळी ओतिलियानं अंगणातल्या खुंटाला बांधली आणि ती परत आली. दोन आठवडे तिनं कुणाच्या जनावराला हात लावला नाही. लोक आले तर अबुंदियोच म्हणायचा, "घरात नाही ती." आणि ती आतल्या खोलीत बसून ऐकायची.

पंधराव्या दिवशी चेलो शेळी ओढत दारात उभी.

"घे ही तुझी. लाथा मारते मेली, दूध काढू देत नाही."

"चेलो—"

"ऐक. मला राग आलाच होता, अजून आहे. पण तुला दोनच हात आहेत गं. पुढच्या वेळी मला हाक मार. तू बाटली धर, मी डोकं धरते."

पुढची वेळ फेब्रुवारीत आली. वारा असा होता की डोळे उघडवत नव्हते. भर दुपारी दॉन मकारियो स्वतः दारात आला, टोपी हातात. हा माणूस अबुंदियोकडेही कधी टोपी काढून आला नव्हता.

"माझी ढवळी अडलीय," तो म्हणाला. "सकाळपासून कळा देतेय. दोन पाय दिसतात, डोकं काही येत नाही. ओढून बघितलं."

"किती ओढलंत?"

मकारियोनं हातातली टोपी फिरवली.

"आपा, येते मी. चला, दॉन मकारियो. जाताना चेलोला घेऊ."

ढवळी त्याच्या कळपाची राणी. पाच वर्षं दर खेपेला जुळी द्यायची. आता ती भिंतीला टेकून पडली होती, ओरडायचंही त्राण नव्हतं. ओतिलियानं नखं कापली, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले, तेल लावलं. चेलो शेळीचं डोकं मांडीत घेऊन बसली.

"आणि मी?" मकारियोनं विचारलं.

"तुम्ही मागचा भाग थोडा उचलून धरा. आणि बोलू नका."

हात आत गेला. दोन पाय होते, पुढचेच. त्यांच्या वर डोकं असायला हवं होतं. तिथं नुसती मान होती, वळून मागे गेलेली. डोकं पिलाच्या स्वतःच्या बरगडीवर टेकलं होतं. असं पिलू वर्षभर ओढलं तरी आलं नसतं.

"डोकं मागे आहे," ती म्हणाली. "आधी आत ढकलावं लागेल."

"आत?" मकारियो किंचाळला. "अगं बाहेर काढायचंय!"

"वाट झाल्याशिवाय कसं निघेल? ढकलू द्या."

कळ आली की ती थांबायची, कळ ओसरली की पिलाला बोटभर मागे सारायची. हात सुन्न होत होता. मग बोटांना नाक लागलं. दात आईला फाडू नयेत म्हणून तिनं तळव्यानं तोंड झाकलं आणि हळूहळू, अगदी इंचाइंचानं, डोकं पायांवर आणून ठेवलं. पुढच्या कळेला खाली ओढलं. पिलू आलं.

मेलेलं होतं.

मकारियोनं तोंड फिरवलं. "संपलं," तो पुटपुटला.

"कुठं संपलं? धरून ठेवा!" ओतिलियाचा हात परत आत होता. "अजून एक आहे. हे उलटं, मागचे पाय पुढे. हे चालतं, पण पटकन काढायला हवं, नाहीतर आतच श्वास घेईल. चेलो, पोतं!"

दुसरं पिलू चिकटून, निळसर, लुळं बाहेर आलं. तिनं बोटानं तोंड साफ केलं, पोत्यानं घसघसा चोळलं, नाकात गवताची काडी फिरवली. काही नाही. पुन्हा चोळलं. पुन्हा काडी. पिलानं डोकं झटकलं, शिंकलं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बेंबाटलं.

ढवळीनं मान उचलली आणि त्याच स्वरात उत्तर दिलं.

मकारियो तिथंच मातीत बसला. त्याचे डोळे वाहत होते; वाऱ्यानं म्हणे. ओतिलियानं नाळेला आयोडीन लावलं, पिलू कासेला धरलं. "तासाभरात पोटभर चीक गेला पाहिजे. वार उद्या सकाळपर्यंत पडली नाही तर ओढायची नाही, मला सांगायचं. आणि उद्या डॉक्टरांकडून हिला इंजेक्शन आणा. माझे हात आत फिरलेत, तुमचेही."

"आणतो," मकारियो म्हणाला. आणि मग जरा वेळानं, "दोन्या ओतिलिया," असं पहिल्यांदाच मानानं, "ओढायला नको होतं का मी?"

"हात घालून बघितल्याशिवाय नको होतं. अर्धा तास जोर करूनही काही हललं नाही, तेव्हाच यायचं होतंत. दोन्ही जगली असती."

मकारियोनं घसरलेलं पिलू पुन्हा कासेला धरलं.

एप्रिलमध्ये डॉक्टर सेनाइदा गावात आल्या. चर्चच्या अंगणात प्रार्थनेनंतर आसपासच्या वाड्यांचे धनगर शेळ्यांच्या आजारांबद्दल ऐकायला जमले. डॉक्टर म्हणाल्या, "मी नाही, ओतिलिया सांगेल." ओतिलियानं मान हलवली, चेलोच्या मागे जाऊन उभी राहिली. तेवढ्यात मकारियो पुढे सरसावला.

"मी सांगतो! सोपं आहे. पोट फुगलं की शेळीला झोपवायचं, आणि तेल—"

"झोपवायचं नाही!" मागून आवाज आला.

"बरं, उभी करायची. मग उजव्या कुशीत—"

"डाव्या!"

"डाव्या. मग तेलाची अख्खी बाटली एका दमात—"

"दॉन मकारियो, मारायचीय का वाचवायचीय?" ओतिलिया गर्दीतून वाट काढत पुढे आली होती. लोक पोट धरून हसत होते. मकारियो टोपी हलवत बाजूला झाला आणि त्यानं कुणाला दिसणार नाही असा चेलोला डोळा मारला.

ओतिलियाला समोरचे पन्नास चेहरे दिसले आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण अंगणात कुणाची तरी शेळी बांधलेली होती. तिनं तिला जवळ ओढलं, तिची पापणी उलटली आणि त्या शेळीशीच बोलावं तशी बोलायला लागली. अबुंदियो खुर्चीत बसून प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता, जणू हे सगळं त्यानंच शिकवलंय. बायकांनी करून आणलेल्या गोर्दिता टोपलीत थंड झाल्या. भूक भडकलेली पोरंसुद्धा गप्प होती. शेवटी मागच्या रांगेतला एक धनगर उठून म्हणाला, "बाई, मूत अडलेला बोकड कसा ओळखायचा ते पुन्हा सांगा, मला नीट ऐकू आलं नाही," आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.