महेशच्या बिअरला फुलाचा वास

बिअरचे रिकामे डबे हिरव्या बिनमध्ये टाकले की गाडी येऊन घेऊन जाते. किस्से कोण नेत नाही. ते माझ्याकडंच साचत गेले, आता जागा उरली नाही म्हणून सांगून टाकतो.

दोन हजार सतरा साली मी लिक्सलिप या आयरिश गावात पोराकडं राहायला होतो. पोरगा महेश, कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. दर शनिवारी दुपारी त्याच्या घरी बैठक बसायची. अमेरिकेतल्या बारक्या बारक्या कारखान्यांची बिअर आणायची, घोटभर चाखायची, आणि मोबाइलवर तिच्याबद्दल लिहून पाचपैकी मार्क द्यायचे. त्याला रिव्ह्यू म्हणतात. पिणं थोडं, लिहिणं फार. मी चौथी शिकलेला माणूस. बिअर पिताना अभ्यास करणारी माणसं मी तिथं पहिल्यांदा बघितली.

*

नितीन डॉक्टर पुण्याचा. ट्रलीच्या हॉस्पिटलातून आगगाडीनं एवढ्या लांब यायचा, ते चार घोटांसाठी. ग्लासात नाक घालून डोळे मिटायचा.

"पाइनचं लाकूड. ओली माती. मागं थोडं गवत."

मी म्हणालो, "डॉक्टर, प्यायला बसलायस का जमीन बघायला?"

त्यानं तेही लिहून घेतलं.

*

शिल्पा नागपूरची, कॉम्प्युटरवाली. तिची जीभ या सगळ्यांत तिखट. एकदा एक आंबट बिअर आली. ही म्हणाली, "याला घोड्याच्या कांबळ्याचा वास आहे."

"पोरी, तू घोड्याचं कांबळं कधी हुंगलंस?"

"नाही आबा. पण पुस्तकात तसंच म्हणतात."

"मी हुंगलंय. पण मुद्दाम नाही."

त्या बिअरला तिनं चार मार्क दिले.

*

शेजारचा पॅट आयरिश, माझ्याच वयाचा. त्याला काही पाजा, तो म्हणणार, "ग्रँड." शिल्पा वैतागली. "काय बाप्पा, एवढ्यानं रिव्ह्यू होतो का? अजून एक शब्द बोल." पॅटनं बराच विचार केला.

"व्हेरी ग्रँड."

मग एकदा लाल भोपळ्याची बिअर निघाली. आत लवंग, दालचिनी. मी म्हणालो, "मसाला पडला, आता मटण कधी टाकताय?" पॅटनं एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला. "ग्रँड," म्हणाला. "आता चहा टाका."

त्यापेक्षा वाईट रिव्ह्यू त्या घरात कुणी केला नाही.

*

आता महेशचं. आमच्याकडं पोरगं बापासमोर पीत नाही. मी माझ्या बापासमोर बिडी ओढली नाही, आणि महेशसमोर कधी ग्लास धरला नाही. महेशही पक्का. घर त्याचं, बिअर त्याची, बैठक त्याची. पण त्याची पाळी आली की ग्लास घेऊन उठायचा.

"आलोच. तिकडं उजेड बरा आहे, रंग नीट दिसतो."

तिकडं म्हणजे धुण्याच्या मशीनच्या खोलीत. तिला खिडकीच नाही.

मग ओठ पुसत यायचा आणि लिहायला बसायचा. मी टीव्हीकडं बघत बसायचो. उठून बाहेर गेलो असतो, तर मला कळलंय असं झालं असतं. मला कळलंय असं झालं की मला रागवावं लागलं असतं. शिवाय हीटरजवळची खुर्ची तीच एक.

*

एका शनिवारी शिल्पा फोन बघून हसायला लागली. "महेश, तुझ्या रिव्ह्यूखाली एका अमेरिकन माणसानं लिहिलंय. विचारतोय, तुला प्रत्येक बिअरमध्ये लॅव्हेंडर कसं लागतं?"

नितीननं मागचे सगळे रिव्ह्यू काढले. खरंच. काळ्या बिअरला लॅव्हेंडर, आंबटाला लॅव्हेंडर, भोपळ्यालासुद्धा लॅव्हेंडर. महेशचा चेहरा पडला. "पण मला खरंच तो वास येतो रे."

लॅव्हेंडर म्हणजे काय, मी विचारलं. शिल्पानं फोनवर जांभळ्या फुलाचा फोटो दाखवला. मी ओळखलं. धुण्याच्या साबणाच्या पुडीवर तेच फूल आहे. माझ्या बनियनला तोच वास येतो.

मी टीव्हीचा आवाज वाढवला.

*

हे नेमकं नको तेव्हा झालं. शेजारच्या मेनूथ गावातल्या एका पबवाल्याला एक अमेरिकन बिअर विकायला नळावर लावायची होती, आणि ती निवडायचं काम त्यानं महेशला दिलं होतं. महेशनं कारखान्यात सगळ्यांना सांगितलं होतं. इतका खूष मी त्याला त्याच्या लग्नातही बघितलं नव्हतं. पण ते लॅव्हेंडर पबवाल्याच्याही कानावर गेलं. तो म्हणाला, "माझ्यासमोर, गिऱ्हाइकांसमोर चाखून सांग. जमलं नाही तर दुसरा कोणीतरी बघतो."

रविवारी दुपारी आम्ही सगळे गेलो. आबा घरी एकटे नकोत म्हणून शिल्पानं मलाही ओढलं, आणि नेमकं महेशच्या समोर बसवलं. त्याचे कारखान्यातले दोघंतिघं आले होते. टेबलावर तीन ग्लास आले. महेशनं माझ्याकडं बघितलं, मग ग्लासाकडं. पहिला उचलला आणि उठायला लागला.

"इथं उजेड बरा नाही," तो म्हणाला.

पबवाल्यानं टेबलावरचा दिवा लावला.

महेश परत बसला. ग्लास हातात तसाच. नितीन म्हणाला, "घे ना रे." पबवाला हाताची घडी घालून उभा. कारखान्यातला एकजण दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला. महेशच्या कपाळावर घाम आला.

मी चष्मा काढला. घडी घालून डबीत ठेवला. डबी कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं.

सगळं धुरकट झालं. मग ग्लास टेबलावर टेकल्याचा आवाज आला.

"संत्र्याची साल," महेशचा आवाज. "आणि भाजलेला पाव."

"लॅव्हेंडर?" शिल्पानं विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

शेजारून पॅटनं माझ्या कोपराला हात लावला. डोळ्यांकडं बोट करून विचारलं, चष्म्याला काय झालं, फुटला का?

"ग्रँड आहे," मी म्हणालो.