प्रमुख पाहुण्यांसाठी रॅम्प

माझी थोरली बहीण पुदुच्चेरीत राहते. पन्नासेक वर्षांपूर्वी नर्स म्हणून गेली, तिथल्याच माणसाशी लग्न केलं आणि त्याच्या वाडवडिलांच्या घरात राहिली. घर जुन्या फ्रेंच वस्तीत आहे, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. पिवळ्या भिंती, उंच खिडक्या आणि दाराशी पाच दगडी पायऱ्या. दाजी गेल्यापासून ती एकटीच असते. मराठी बोलायला कुणी नाही, त्यामुळे तिची मराठी जिथे होती तिथेच, म्हणजे आमच्या गावच्या, राजूरच्या बाजारात, थांबलेली आहे.

यंदाच्या हिवाळ्यात मी संगमनेरहून तिच्याकडे गेलो. मागल्या वर्षी तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती चाकांच्या खुर्चीत आली होती. दारात मला पाहिल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "शेंगोळ्यांचं पीठ आणलं का?" आणलं होतं. मग म्हणाली, "बरं झालं. आठ महिने झाले, दवाखाना सोडला तर मी ह्या दाराच्या बाहेर न्हाई."

दवाखान्यात जायचं झालं की चार माणसं बोलवावी लागत. ती तिला खुर्चीसकट उचलून पायऱ्यांखाली नेत. "जिवंतपणीच खांदा द्यायला लावते मी लोकांना," ती म्हणाली. एरवी खिडकीत बसायचं. समुद्राचा आवाज ऐकू येतो, दिसत नाही.

त्या गल्ल्यांमधल्या जुन्या घरांचा वारसा जपणारी एक समिती आहे. पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करू द्या, निदान एक लोखंडी कठडा तरी लावू द्या, असा अर्ज बहिणीने समितीला केला होता. त्याचं उत्तर मी वाचलं. इंग्रजी फारच सुरेख होतं. दर्शनी भागाचं मूळ रूप बिघडेल, त्यामुळे परवानगी देता येत नाही. मात्र आपल्या भावनांचा समिती आदर करते. मी सदतीस वर्षं शिक्षकी केली. मुलाला नापास करताना त्याच्या भावनांचा आदर करण्याइतका निर्लज्जपणा आमच्यातल्या कुणाला साधला नव्हता.

त्याच समितीने त्याच घराला उत्तम जतनाबद्दल पितळी पाटी द्यायचं ठरवलं होतं. सोहळा मी असतानाच होता.

आमच्या तालुक्यात वाढलेल्या माणसाला सत्काराचं नवल नसतं. साखर कारखाना, दूध संघ, कॉलेज, पतसंस्था, कुठेही जा, शाल आणि नारळ तयार असतात. एकाच माणसाला एका दिवसात तीन शाली मिळालेल्या मी पाहिल्या आहेत, त्याही मे महिन्यात. म्हणून सोहळ्याच्या सकाळी टेम्पो आला, खुर्च्या उतरल्या, झेंडूच्या माळा उतरल्या, तेव्हा मी निवांत चहा पीत होतो. मग टेम्पोतून लाकडी फळ्यांचा एक लांबलचक सांगाडा निघाला. तो त्यांनी पायऱ्यांवर टेकवला, ठोकून पक्का केला आणि त्यावर लाल गालिचा अंथरला.

"हे काय हाय?" बहिणीने आतून विचारलं.

"रॅम्प. प्रमुख पाहुण्यांचे गुडघे दुखतात म्हणे."

ती म्हणाली, "माझ्या चपला काढ." चपला पलंगाखाली होत्या. पट्टे कडक झाले होते.

पाहुणे आले, रॅम्पवरून वर आले, पाटीवरचा पडदा सरकवला. मग वारशावर बोलले. घरं दगडविटांनी नव्हे, आत राहणाऱ्या माणसांनी जिवंत राहतात, असं ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सवयीने मीही वाजवल्या, आणि त्या टाळ्यांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. बहिणीला शाल पांघरली, फोटो झाला, मंडळी पांगली. गालिचा गुंडाळायला माणसं आली.

"मला बाहेर घे," ती म्हणाली.

मी खुर्ची ढकलत रॅम्पच्या मध्यावर नेली. तिथे तिने स्वतःच्या हाताने ब्रेक लावला.

"ढकल ना," मी म्हणालो.

"न्हाई. तू बी बस."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तहसील कचेरीपुढे ठिय्या देणाऱ्यांची मी आयुष्यभर थट्टा केली होती. आता अंगावर इस्त्रीचा सदरा होता आणि मी फळ्यांवर मांडी घालून बसलो. टेम्पोवाला हसला आणि बिडी ओढायला निघून गेला. कुणीतरी समितीच्या सचिवांना बोलावून आणलं. गृहस्थ सभ्य होते. इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, ही व्यवस्था तात्पुरती होती."

"मीही तात्पुरतीच आहे," बहीण त्यांच्याच भाषेत म्हणाली. "एका तासासाठी दर्शनी भाग बिघडला नाही ना?"

"तो अपवाद होता. आपण पुन्हा अर्ज करा, बैठकीत मांडतो."

"अर्ज एकदा तुमच्याकडे येऊन गेला. माणूस आज आलंय."

सचिव घड्याळ पाहून निघून गेले. ते वळणावर दिसेनासे झाल्यावर बहिणीने ब्रेक काढला आणि आम्ही समुद्रावर गेलो. ती लाटांकडे पाहत बसली. लांब तोंड करून बसलेल्या माणसाला काय झालं ते विचारता येतं. ती तशी बसली नव्हती.

परत आलो तेव्हा टेम्पोवाला थांबलेला होता. रॅम्प काढायचा राहिला होता. त्यानेच खुर्ची वर ढकलली. बहिणीने त्याला तमिळमध्ये फळ्यांची लांबी-रुंदी विचारली, मग सुताराचा पत्ता विचारला. त्यानंतर रॅम्प टेम्पोत गेला आणि दारात पुन्हा पाच पायऱ्या उरल्या.

दुसऱ्या दिवशी तिने मला कागद-पेन घेऊन बसवलं. सोमवारपासून या घराच्या पायऱ्यांवर रोज सकाळी लाकडी रॅम्प टाकला जाईल व संध्याकाळी आत घेतला जाईल, समितीने नोंद घ्यावी, एवढाच मजकूर. सवयीने मी वर 'नम्र विनंती' असं लिहिलं.

"खोड ते," ती म्हणाली.

खोडलं. तिला खाडाखोड चालेना, म्हणून मी सगळं पत्र नव्या कागदावर पुन्हा उतरवलं आणि तिने त्यावर सही केली.