पूर्वेकडे पाय

मेणाचा वास आला की मला अमरावतीतली ईस्टरची ती पहाट आठवते. कॉलेजसाठी मी राजापेठेजवळ एका ख्रिस्ती काकूंकडे भाड्याने राहत होतो. "चाल, पानी उचलून देशील," म्हणत त्या मला कबरस्तानात घेऊन गेल्या. तिथे त्यांनी आपल्या मुलाची कबर धुतली, झेंडू वाहिला आणि मेणबत्ती लावली. "आमी पाय पूर्वेकडं करून पुरतो. प्रभू येईन तवा उठल्यावर तोंड तिकडंच असलं पाहिजे. तीच त आमची आशा हाय," असं बोलता बोलताच त्या रडू लागल्या. मी गोंधळलो. "काकू, तुमचा पोरगा उठनार हाय, मंग रडता काहून?" "अजून उठला कुठं रे बाप्पा?" पदराने डोळे पुसत त्यांनी दुसरी मेणबत्ती माझ्या हातात दिली. "तुह्या भावासाठी लाव." दादाला जाऊन वर्ष झालं होतं आणि त्याची राख आम्ही पूर्णा नदीत सोडली होती. मेणबत्ती कुठे उभी करावी, तेच मला कळेना. "लाव इथंच, माह्या पोराजवळ." मी लावली. ती प्रार्थना होती की नुसतं काकूंचं मन राखणं, हे मला अजूनही सांगता येत नाही. पण त्या दिवशी घरी फोन केला, तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा मी आईजवळ दादाचं नाव काढलं.